चावडीवरचा कागद: लष्कराच्या जाहीर सूचनांविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे लष्कराच्या आणि संरक्षण खात्याच्या जाहीर सूचनांविषयी असल्यामुळे हा संपूर्ण अंक त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे. महसूल खात्यातील नोकरीच्या काळात अशा सूचना गावोगाव पोहोचवण्याचे काम मी स्वतः केले आहे, आणि तेव्हाही एक गोष्ट मनाला लागत असे. सूचनेतली तारीख सगळे वाचत. पण ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढली आहे हे सांगणारी पहिली ओळ कोणी वाचत नसे. सामान्य माणसाचे कर्तव्य आणि त्याचा हक्क हे दोन्ही त्या ओळीतच असतात. म्हणून पुढील उत्तरांत जिथे जमेल तिथे मी त्या ओळीपासून सुरुवात केली आहे.

प्रश्न: आमचे शेत तोफखान्याच्या सराव मैदानाला लागून आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर जिल्हाधिकारी कार्यालयाची सूचना लागली आहे. त्यात १९३८ च्या अधिनियमाचे कलम ९ (२) लिहिले असून, ठरावीक दिवशी ठरावीक वेळेत ‘धोक्याच्या क्षेत्रात’ प्रवेश करू नये असे म्हटले आहे. गावात चर्चा आहे की हा जमीन घेण्याचा पहिला टप्पा आहे. हे खरे आहे का? आणि त्या दिवसांत मजुरी बुडाली, पिकाला पाणी देता आले नाही, तर ते नुकसान कोणाचे? (एक शेतकरी वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर: आपण कलम लिहून पाठवले हे फार चांगले केले, कारण त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःशंकपणे देता येते. ही सूचना भूसंपादनाची नाही. हा कायदा ‘मनुव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट, १९३८’ या नावाने ओळखला जातो, आणि युद्धसराव, मैदानी गोळीबार व तोफखान्याचा सराव यांसाठी एखादे क्षेत्र ठरावीक काळापुरते वापरण्याची परवानगी देणे एवढाच त्याचा विषय आहे. जमिनीची मालकी या कायद्याने कोणाकडेही जात नाही. सातबारा आपल्याच नावावर राहतो.

कलम ९ मध्ये दोन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि गावातला गोंधळ बहुधा त्या एकच समजल्यामुळे होतो. पहिल्या पोटकलमाखाली राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढून एखादे क्षेत्र काही वर्षांच्या मुदतीसाठी सरावाचे क्षेत्र म्हणून निश्चित करते. दुसऱ्या पोटकलमाखाली त्या क्षेत्राच्या संपूर्ण किंवा काही भागात, अमुक एका कालावधीत प्रत्यक्ष सराव करण्यास अधिकार दिला जातो. आपल्या फलकावरील सूचना दुसऱ्या पायरीची आहे. म्हणजे पहिल्या पायरीची, वर्षांची मुदत सांगणारी, अधिसूचना आधीच अस्तित्वात असली पाहिजे. ती कधीची आहे आणि कधी संपते हे गावाने माहीत करून घेतले पाहिजे, कारण मुदत संपणे ही कागदोपत्री औपचारिकता नसते. झारखंडमधील नेतरहाटच्या मैदानी गोळीबार क्षेत्राची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर तिथल्या राज्य शासनाने ती पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला, आणि त्यामागे स्थानिक आदिवासींचे जवळपास तीन दशकांचे आंदोलन होते. काश्मीरमधील तोसामैदान या कुरणावर १९६४ पासून चाललेला सराव भाडेपट्ट्याची मुदत २०१४ मध्ये संपल्यावर थांबला. आपल्याकडे देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि अहिल्यानगरजवळ रणगाड्यांच्या सरावाचे के. के. रेंज आहे, या दोन्ही भागांतील गावांना सरावाच्या सूचना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत, तरीही मूळ अधिसूचना पाहिलेला माणूस गावात क्वचित भेटतो.

आता ‘धोक्याचे क्षेत्र’. अधिसूचित क्षेत्राच्या आत कोणता भाग धोक्याचा हे सरावाचा प्रमुख लष्करी अधिकारी जाहीर करतो. पण तिथे लोकांना जाण्यास मनाई करण्याचे आणि माणसे व पाळीव जनावरे तिथून हलवण्याचे काम त्याच्या अर्जावरून जिल्हाधिकारी करतात. म्हणूनच आपल्या सूचनेवर लष्कराची नव्हे तर जिल्हाधिकारी कार्यालयाची सही आहे. ही मनाई सलग सर्व दिवस नसते. गोळे सुटत असतात किंवा जिवाला धोका असतो तेवढ्या वेळेपुरती ती असते. मैदानाच्या कडेला उभा केलेला लाल बावटा हेच सांगत असतो. मात्र मनाईच्या वेळेत आत शिरणे हा दंडनीय अपराध आहे. ‘आमच्याच शेतात आम्ही गेलो’ हे उत्तर तिथे चालत नाही, आणि चालू नये असे माझेही मत आहे, कारण तोफगोळा सातबारा पाहून पडत नाही.

आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरावामुळे शरीराला, मालमत्तेला किंवा हक्कांना झालेल्या हानीची भरपाई मिळण्याची तरतूद या कायद्यात आहे, आणि तिच्यात केवळ गोळा पडून मोडलेली विहीर किंवा तुडवलेले पीक एवढेच येत नाही. धोक्याच्या क्षेत्रातून बाहेर राहावे लागल्यामुळे बुडालेला रोजगार आणि देखभाल न झाल्यामुळे बिघडलेले पीक यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. नुकसान ठरवण्यासाठी जिल्हाधिकारी महसूल अधिकारी नेमतात. त्याने ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर पुढे दाद मागण्याची सोय आहे, परंतु तिची मुदत थोडी असते. म्हणून पंचनामा झाला त्याच दिवशी त्याची प्रत मागावी, मान्य नसल्यास तसे त्यावरच लिहावे आणि मग सही करावी. मजुरांनीही आपापले नाव, किती दिवस काम बुडाले आणि नेहमीचा मजुरीचा दर हे लेखी द्यावे. माझ्या अनुभवात जमीनमालकांचे अर्ज येत, मजुरांचे येत नसत. त्यांना हक्क नव्हता म्हणून नव्हे, तर तो आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सूचना वाचून दाखवणाऱ्यांपैकी मीही एक होतो, आणि ही चूक माझ्याही खात्यावर आहे.

भूसंपादनाची सूचना कशी ओळखावी हेही सांगून ठेवतो. तिच्यात २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ११ असते, गट क्रमांकांची यादी असते, आणि सामान्यतः तिच्यावर हरकती घेण्यासाठी ६० दिवस मिळतात. परंतु तिच्यात कलम ४० चा उल्लेख दिसला, तर ती तातडीची आहे असे समजावे. संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा किंवा नैसर्गिक आपत्ती अशा मोजक्या कारणांसाठी वापरल्या जाणाऱ्या या कलमाखाली सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि हरकतींची नेहमीची प्रक्रिया वगळता येते, त्यामुळे ६० दिवस हातात आहेत असे गृहीत धरून बसू नये.

प्रश्न: सराव संपल्यावर मैदानात पितळेचे आणि लोखंडाचे तुकडे पडलेले असतात. भंगारवाले ते विकत घेतात आणि आमच्या वस्तीतील मुले ते गोळा करायला जातात. सूचनेत ‘न फुटलेला दारूगोळा’ असे लिहिलेले असते. सराव झाल्यानंतरही तो फुटू शकतो का? (एक शिक्षिका)

उत्तर: होय, फुटू शकतो, आणि सराव संपून कित्येक वर्षे झाल्यावरही फुटू शकतो. गोळा जमिनीवर आदळूनही फुटला नाही, तर त्यातील स्फोटक तसेच राहते. जे यंत्र आदळताच चालायला हवे होते ते अर्धवट चाललेले असते, आणि हलवणे, ठोकणे, तापवणे यांपैकी कशानेही ते पूर्ण चालू शकते. पावसाने गंजलेला गोळा निकामी झाला असे समजणे ही सर्वांत घातक चूक आहे. वर उल्लेखलेल्या तोसामैदानात सराव बंद झाल्यावर लष्कराला हे गोळे शोधून नष्ट करण्याची मोठी मोहीम हाती घ्यावी लागली होती. सराव थांबल्याने जमीन आपोआप सुरक्षित होत नाही हे त्यावरून समजावे.

मुलांना सांगताना कायद्याची भीती न घालता चार गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्यात. हात लावायचा नाही. दगड मारून पाहायचे नाही. आलो त्याच वाटेने मागे फिरायचे. थोड्या अंतरावर ओळखीची खूण करून लगेच मोठ्या माणसाला सांगायचे. पुढे पोलीस पाटलांना किंवा ११२ या क्रमांकावर कळवले, की लष्कराचे तज्ज्ञ पथक येऊन गोळा जागेवरच नष्ट करते. बाई, आपल्या शाळेच्या फळ्यावर हे वाक्य वर्षभर राहू द्यावे, एवढी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: आमच्या मच्छीमार संस्थेकडे मत्स्यव्यवसाय कार्यालयामार्फत समुद्रातील गोळीबार सरावाची सूचना येते. तिच्यात केवळ आकडे असतात. समजा ‘०१०३३० ते ०१०९३०’ आणि खाली ‘१८-३० उत्तर, ७२-२० पूर्व’ असे चार बिंदू. वेळ कोणती आणि जागा कोणती हे कसे काढायचे? (एका संस्थेचे सचिव, रायगड जिल्हा)

उत्तर: आपल्या भागातील सागरी इशाऱ्यांचे मूळ डेहराडूनला आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. भारतीय नौदलाचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय तिथे आहे, आणि उत्तर हिंदी महासागरासाठी जगाने ठरवलेल्या आठव्या सागरी इशारा क्षेत्राच्या समन्वयाची जबाबदारी त्याच्यावर आहे. हे इशारे सर्व देशांच्या जहाजांसाठी असल्यामुळे त्यांतील वेळ भारतीय नसते; ती जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे.

आपल्या उदाहरणात पहिले दोन अंक तारखेचे आहेत आणि पुढचे चार वेळेचे. म्हणजे १ तारखेला जागतिक वेळेनुसार ३ वाजून ३० मिनिटे, आपल्या घड्याळात सकाळचे ९. आणि शेवट ९ वाजून ३० मिनिटांना, म्हणजे आपल्याकडे दुपारी ३ वाजता. पहाटे साडेतीन ते सकाळी साडेनऊ असा अर्थ लावून जो तांडेल सकाळी दहाला निर्धास्तपणे आत शिरेल, तो नेमका सराव चालू असतानाच तिथे पोहोचेल. रात्रीच्या मासेमारीसाठी आणखी एक धोका लक्षात ठेवावा. जागतिक वेळेचे १८३० झाले की आपल्याकडे मध्यरात्र होते, त्यामुळे त्यानंतरची प्रत्येक वेळ आपल्या दिनदर्शिकेत पुढच्या तारखेला जाते. ‘०११९३०’ म्हणजे आपल्याकडे २ तारखेला रात्री १ वाजता.

जागेच्या आकड्यांत होणारी चूक याहून मोठी आहे. ‘१८-३०’ म्हणजे १८ अंश ३० मिनिटे. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणून दशांशात हा आकडा १८.५ होतो. मोबाइलवरील नकाशात अनेक जण सरळ १८.३० असे टाकतात, आणि नकाशा ते १८ अंश १८ मिनिटे असे समजतो. फरक १२ मिनिटांचा पडतो. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. त्यामुळे एवढ्याशा बिंदूच्या घोटाळ्याने आपण सुमारे २२ किलोमीटर दूरची जागा धोक्याची ठरवतो आणि खरी धोक्याची जागा मोकळी समजतो. यंत्रात अंश-मिनिटांची पद्धत निवडावी. ती सोय नसेल तर मिनिटांना ६० ने भागून आलेली संख्या अंशांपुढे लिहावी. दिलेले बिंदू ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने जोडावेत आणि शेवटचा बिंदू पहिल्याला जोडावा.

इशाऱ्याच्या शेवटी तो कधी रद्द समजावा याची वेळ बहुधा दिलेली असते, तीही जागतिक वेळेतच. आपल्या संस्थेने प्रत्येक सूचना भारतीय वेळेत आणि मराठीत उतरवून जेटीवरील फलकावर लावली, तर ते काम एखाद्या सरकारी योजनेइतके मोलाचे ठरेल. खरे तर ते आधीच करून देणे हे सूचना पोहोचवणाऱ्या कार्यालयाचे काम आहे, आणि संस्थेने तशी लेखी मागणी जरूर करावी.

प्रश्न: देहूरोडजवळ एक भूखंड स्वस्तात मिळतो आहे. विकणारे म्हणतात की रेड झोनची केवळ एक जुनी नोटीस आहे आणि सगळ्यांनीच घरे बांधली आहेत. घ्यावा का? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर: ‘केवळ एक जुनी नोटीस’ हे शब्द ऐकले की सावध व्हावे. ज्याला आपल्याकडे रेड झोन म्हणतात, त्याचा आधार ‘वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट, १९०३’ हा कायदा आहे. संरक्षणविषयक वास्तूच्या परिसरातील जमिनीच्या वापरावर बंधने घालणारी अधिसूचना त्याच्या कलम ३ खाली निघते आणि जिल्हाधिकारी ती परिसरात जाहीर करतात. कायद्यात २०००, १००० आणि ५०० यार्डांच्या तीन मर्यादा आहेत. वास्तूच्या जितके जवळ जावे तितकी बंधने कडक होत जातात. देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवतीची मर्यादा २००० यार्डांची, म्हणजे सुमारे १८२९ मीटरची आहे. हे अंतर भांडारात अपघात झाला तर त्याची झळ कुठवर पोहोचेल या विचारातून आलेले आहे, आणि अधिसूचना जुनी झाली म्हणून स्फोटकांचे स्वरूप बदलत नाही.

या कायद्यातही नुकसानभरपाईची तरतूद आहे, मात्र ती बंधन लागल्यामुळे ज्यांच्या हक्काला बाधा आली त्यांच्यासाठी आहे. बंधन माहीत असताना, किंवा माहीत करून घेणे शक्य असताना, नंतर जमीन घेणाऱ्याची बाजू फार दुबळी असते. शेजारच्यांनी घर बांधले ही परवानगी नव्हे. सातबाऱ्यावर नोंद दिसली नाही तरी समाधान मानू नये. जिल्हाधिकारी कार्यालयातील अधिसूचना व तिच्यासोबतचा नकाशा, आणि नियोजन प्राधिकरणाचा झोन दाखला, या दोन्हींवर आपला गट क्रमांक ताडून पाहावा. त्या पट्ट्यात आयुष्याची पुंजी घालून बसलेल्या कष्टकरी कुटुंबांविषयी मला मनापासून सहानुभूती आहे. त्यांच्यापैकी अनेकांना हा नकाशा कोणीही दाखवला नाही. आपल्याला तो पाहण्याची संधी आहे, तर तो पाहिल्याशिवाय विसारही देऊ नका.

याच संदर्भात एक फरक ध्यानात ठेवावा. संरक्षण मंत्रालयाने मे २०११ मध्ये लष्करी आस्थापनांजवळच्या बांधकामांसाठी ना-हरकत घेण्याविषयी परिपत्रक काढले आणि २०१५ व २०१६ मध्ये त्यात बदल केले. परिपत्रक म्हणजे कार्यालयांना दिलेली सूचना. कलम ३ ची अधिसूचना ही त्याहून निराळी आणि थेट कायद्याचे बळ असलेली गोष्ट. आपल्या हातातला कागद या दोहोंपैकी कोणता आहे हे आधी ठरवावे, कारण दाद मागण्याचा मार्ग त्यावर अवलंबून असतो.

प्रश्न: छावणी भागातील आमचा रोजचा रस्ता ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ बंद होणार असल्याचा फलक लागला आहे. लष्कर असा रस्ता बंद करू शकते का? (एक ज्येष्ठ नागरिक)

उत्तर: फलकाखाली सही कोणाची आहे ते पाहावे. छावणी परिषदेच्या (कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या) सूचनेवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची सही असते, आणि रस्त्यांचा विषय २००६ च्या छावणी कायद्यातील कलम २५८ खाली येतो. सार्वजनिक रस्ता कायमचा बंद करण्यापूर्वी जाहीर सूचना देऊन नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. अनेक छावण्यांत ही प्रक्रिया न पाळता रस्ते बंद केल्याच्या तक्रारी वाढल्यावर मे २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने असे रस्ते खुले करण्याचे निर्देश दिले होते. आपली हरकत मुदतीत आणि लेखी द्यावी. पर्यायी रस्त्याने रुग्णालय, शाळा व बसथांबा यांचे अंतर किती वाढते ते त्यात आकड्यांनी लिहावे. रस्ता लष्करी हद्दीच्या आतला असेल आणि सूचना स्टेशन मुख्यालयाची, म्हणजे तिथल्या लष्करी ठाण्याच्या मुख्यालयाची, असेल, तर मात्र हे कलम लागू होईलच असे नाही.

छावणीतच राहणाऱ्या आणखी एका वाचकाने संरक्षण खात्याच्या जमिनीवरील अतिक्रमणाची नोटीस आल्याचे कळवले आहे. त्यांच्या नोटिशीत १९७१ च्या सार्वजनिक जागांच्या कायद्याचा उल्लेख आहे. कलम ४ ची नोटीस म्हणजे खुलासा मागणारी नोटीस, कलम ५ चा आदेश म्हणजे जागा खाली करण्याचा आदेश. त्या आदेशाविरुद्ध जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करण्यास अवघे १२ दिवस असतात, म्हणून त्यांनी या उत्तराचीही वाट न पाहता वकिलांना भेटावे.

प्रश्न: मुलाने अग्निवीर भरतीची जाहिरात पाहून अर्ज केला. यादीत नाव आले, परंतु एक गृहस्थ म्हणतात की पुढच्या टप्प्यासाठी ‘वरपर्यंत’ पोहोचावे लागते. (एक पालक)

उत्तर: त्या गृहस्थांना दारातूनच परत पाठवावे आणि पोलिसांत कळवावे. २०२३ पासून आधी संगणकावरील सामाईक परीक्षा आणि नंतर भरती मेळाव्यात शारीरिक चाचणी असा क्रम आहे. पहिल्या यादीत नाव येणे म्हणजे पुढच्या चाचणीला बोलावणे, निवड नव्हे. त्यानंतर कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी आणि उपलब्ध जागा यांवर अंतिम यादी ठरते. वैद्यकीय तपासणीत ‘अपात्र’ ठरल्यास पुनर्तपासणीची सोय असते. तिची मुदत त्याच कागदावर लिहिलेली असते आणि ती चुकली की संधी जाते. सेवा चार वर्षांची असून त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतले जाते, हे जाहिरातीतच लिहिलेले आहे. मुलाने ते वाचून, समजून सही केली आहे ना, याची खात्री आपण करून घ्यावी.

प्रश्न: सरावाच्या मूळ अधिसूचनेची प्रत मागितली, तेव्हा ‘हा लष्कराचा विषय आहे, मिळणार नाही’ असे उत्तर मिळाले. लष्कराला माहितीचा अधिकार लागू नाही का? (एक ग्रामपंचायत सदस्य)

उत्तर: लागू आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ज्या संघटनांना सूट दिली आहे त्यांत संरक्षण संशोधन व विकास संघटना आहे, पण भूदल, नौदल आणि हवाई दल नाहीत. देशाच्या सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती कलम ८ खाली नाकारता येते, आणि ते योग्यच आहे. परंतु राजपत्रात छापलेली अधिसूचना लोकांनी वाचावी म्हणूनच छापलेली असते. तिला गोपनीय म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय ही अधिसूचना राज्य शासनाची असल्यामुळे आपल्याला लष्कराकडे जाण्याची गरजच नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा. ‘सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता, फलकावरील सूचनेचा क्रमांक व दिनांक देऊन कलम ९ (१) खालील मूळ अधिसूचना, तिची मुदत, सोबतचा नकाशा आणि गेल्या सरावात आपल्या गावातील किती जणांना किती भरपाई दिली त्याची यादी, एवढ्याच चार गोष्टी मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करता येते. यादी हाती आली की ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी, आणि वाचताना मजुरांची नावे तिच्यात आहेत का ते आधी पाहावे.